कूलरच्या टपातला मोगरा

दारात आले की ते आधी चपला काढत नसत, आधी वास घेत. मान थोडी वर, डोळे अर्धे मिटलेले आणि नाकपुड्यांची दोनदा फुरफुर. मग निकाल लागायचा. "काल पाटोडी झाली वाटते, ताई. खोबरं जरासं करपलं." खोबरं खरंच करपलेलं असायचं आणि मी ते सासूबाईंपासून मोठ्या कष्टानं लपवलेलं असायचं. सासूबाई आतल्या खोलीतून सगळं ऐकत असायच्या. एवढं नुकसान करून झालं की मग ते निवांत चपला काढून आत येत.

हे आमचे कूलरवाले भाऊ. त्यांचं नाव सांगत नाही, कारण आमच्या गल्लीत ते कुणाला धड माहीतच नव्हतं. माझ्या फोनमध्ये ते 'कूलर भाऊ' होते, शेजारणीच्या फोनमध्ये 'भाऊ कूलर'. तुम्ही नागपूरचे असाल तर तुमच्याही फोनमध्ये असा एक माणूस असणारच. नसेल तर तुमच्याकडे एसी आहे, आणि मग आपलं काही जमायचं नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे कूलर हे यंत्र नाही, ते घरातलं माणूस आहे. होळी झाली की माळ्यावरून तो पत्र्याचा हत्ती खाली उतरतो आणि खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर जाऊन बसतो. तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याचा टप, टपात पंप. पंप पाणी वर चढवतो, ताट्या भिजतात आणि पंखा ती गार ओली हवा घरात फेकतो. पुढचे चार महिने आम्ही त्याच्यासमोरच जेवतो, झोपतो आणि भांडतो. भांडताना ओरडावं लागतं, कारण त्याचा आवाज आपल्यापेक्षा मोठा असतो. बाहेरचे लोक उगाच आम्हाला तापट समजतात.

भाऊ असतील पन्नाशीच्या पुढेमागे. बुटके, काटक, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, ऊन लागू नये म्हणून शर्टाच्या खिशात कांदा, आणि खांद्याला रेक्झिनची पिशवी. तिच्यात पाने, पक्कड, टपाला आतून फासायचा डांबराचा डबा आणि चार बाटल्या. आमच्या नंदनवन वस्तीतल्या गल्लीतले सगळे कूलर त्यांचे. म्हणजे विकत आम्ही घेतलेले, पण हक्क त्यांचा. एकदा आमच्या ह्यांनी हुशारी करून स्वतःच पंपाला तेल घातलं. भाऊंनी झाकण उघडल्या उघडल्या विचारलं, "कोणं हात लावला याले?" माझा नवरा चाळीस वर्षांचा घोडा, मौद्याच्या कारखान्यात चाळीस माणसं हाताखाली बाळगणारा, पण तो हळूच बाथरूममध्ये निघून गेला.

काम झालं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. हात पुसत म्हणायचे, "हवेचं टेन्शन तुमी घ्याचं नाही, ताई. हवा माह्याकडे." आणि खरंच आम्ही घेत नव्हतो. चार महिने घरात कुठली हवा येणार, ते या माणसाच्या हातात देऊन आम्ही आडवे व्हायचो.

त्या पिशवीतल्या चार बाटल्या ही त्यांची खरी कला. नवा वाळा पंधरा दिवस छान वास देतो, मग टपातलं पाणी कुबट मारायला लागतं. बाकीचे कूलरवाले त्यात बाजारचा सेंट ओततात आणि मोकळे होतात. भाऊंना ते कमीपणाचं वाटायचं. ते इतवारीच्या बाजारातून मोठ्या कॅनमध्ये सेंट आणत आणि घरी बसून स्वतःचं मिश्रण करत. त्यात थोडं फिनाईल, थोडा कापूर आणि डास होऊ नयेत म्हणून आणखी एक पांढरं पाणी. ते कसलं, असं विचारलं तर म्हणायचे, "ते कंपनीचं शिक्रेट आहे." कंपनी म्हणजे ते स्वतः आणि त्यांची मोपेड.

शिवाय प्रत्येक घराला वेगळा वास. कोपऱ्यावरच्या रिटायर्ड मास्तरांकडे गुलाब. तीन मुलींच्या घरी केवडा. नवीन लग्न झालेल्या जोडप्याकडे रातराणी, आणि ती देताना भाऊ जमिनीकडे बघत. आमच्याकडे मोगरा. दुपारी डोळे मिटून गल्लीतून चाललं तरी कुणाचं घर आलं ते समजायचं. बरं, हा सेंट मागून मिळत नसे. ज्या घरावर त्यांचा जीव, त्या घराच्या टपात तो पडायचा. आमच्या घरावर त्यांचा फारच जीव होता, आणि त्याचं कारण माझा मुलगा.

तो तेव्हा सहा वर्षांचा होता. भाऊ कूलर उघडून बसले की तो समोर मांडी घालून बसायचा आणि प्रश्न विचारून त्यांचं डोकं खायचा. पाणी वर कसं चढते, पंखा थकत का नाही, कूलरला थंडी वाजत नाही का. भाऊ प्रत्येक प्रश्नाला मन लावून खोटी उत्तरं द्यायचे. पंपात एक छोटा माणूस असतो आणि त्याला संध्याकाळी सुट्टी द्यावी लागते, हे माझ्या मुलानं शाळेतही सांगितलं. बाईंनी मला बोलावून घेतलं होतं.

याच मुलाला चौथ्या वर्षापासून दम लागायला लागला. हिवाळ्यात थोडा, उन्हाळ्यात मात्र विचारू नका. छातीत शिट्टी वाजायची आणि मानेखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जायचा. आता तुम्ही सांगा, आपल्याकडे मूल खोकलं की कारणं सांगणाऱ्यांची काय कमी असते? सासूबाई म्हणाल्या दही. शेजारीण म्हणाली केळं. नणंद म्हणाली, रस्त्याचं काम चालू आहे, त्याची धूळ. ह्यांनी बर्फाच्या गोळ्याला दोषी ठरवलं. मी सगळ्यांचं ऐकलं. त्या एका वर्षात माझ्या पोराचं दही गेलं, केळं गेलं, गोळा गेला, धूळ धरतं म्हणून कापसाचं अस्वल गेलं, आणि दम तसाच राहिला.

शेवटी एका डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी जिभेकडे बघितलं नाही, दह्याचं विचारलं नाही. विचारलं, घरात वास कशाकशाचा येतो? मी जरा चिडलेच. म्हटलं, आमचं घर अगदी स्वच्छ आहे, चांगलेच वास येतात. बाई हसल्या. म्हणाल्या, "फुफ्फुसाला चव नसते हो. त्याला उदबत्ती काय आणि फिनाईल काय." काही मुलांची श्वासनळी असल्या गोष्टींनी चटकन आवळते, असं त्यांनी नीट चित्र काढून समजावलं. रोज तोंडातून ओढायचा औषधाचा पंप दिला, दम लागला तर घ्यायचा वेगळा पंप दिला, तो ज्यातून ओढायचा ती प्लॅस्टिकची नळी दिली, आणि घरातल्या वासांची यादी करायला सांगितली.

मी यादी केली आणि हादरले. माणसं खातात तितक्या प्रकारचे तर आम्ही वास घेत होतो. फरशीला लिंबाच्या वासाचं औषध, संडासाला पाइनचं, कपाटात डांबरगोळ्या, संध्याकाळी सासूबाईंचा धूप, रात्री डासांची कॉईल, सकाळी ह्यांचा स्प्रे. हा गृहस्थ बसनं मौद्याला जायचा आणि अंगावर असं काही फवारायचा की बसचा ड्रायव्हरही फ्रेश व्हावा.

मग मी युद्ध सुरू केलं. फरशी-संडासाची वासाची औषधं गेली, डांबरगोळ्या गेल्या. कॉईल गेली, मच्छरदाणी आली. ह्यांचा स्प्रे मी त्यांच्यासमोर कचऱ्यात टाकला, तेव्हा ते दोन मिनिटं उभेच होते. सासूबाईंच्या धुपावर मात्र मोठी लढाई झाली. मी म्हटलं, देवाला थोडे दिवस फुलांवर भागवायला सांगा. त्या म्हणाल्या, "देवाले दमा नाही." मी म्हटलं, नातवाला आहे. त्या आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण धूप बंद झाला. मला स्वतःचा असा काही अभिमान वाटत होता की विचारू नका.

यादीत शेवटी एकच ओळ उरली होती. कूलरचा सेंट.

आणि तिथे माझी जीभ लुळी पडली. नवऱ्यावर ओरडता येतं, सासूशी अबोला धरता येतो. पण हा माणूस काही मागत नाही, उलट प्रेमानं देतो, त्याला तोंडावर कसं सांगायचं की तुमच्या मोगऱ्यानं माझ्या पोराला त्रास होतो? शिवाय ते कधी रिकाम्या हातानं यायचे नाहीत. कधी बायकोनं वाळवलेल्या कुरोड्या, कधी शेतातले आंबे. मी दारातच म्हणायची, "नको हो भाऊ, कशाला?" ते पिशवी ओट्यावर ठेवून द्यायचे. मी पुन्हा नको म्हणायची आणि डबा शोधायला आत जायची. हे आपल्याकडे असंच असतं. पहिल्या नकोला कुणी ऐकलं तर आपणच नाव ठेवतो, काय कोरडा माणूस आहे.

त्या एप्रिलमध्ये भाऊ आले. मुलाच्या खोलीतला कूलर उघडून बसले. मी जवळ जाऊन म्हटलं, "भाऊ, यंदा ते सेंट-बिंट राहू द्या. नको." त्याच आवाजात म्हटलं, ज्या आवाजात कुरोड्यांना म्हणायची. वर थोडी हसलेही. ते म्हणाले, बरं बरं. आणि मी त्यांच्यासाठी पन्हं करायला स्वयंपाकघरात गेले.

दुपारचे दोन वाजले असतील. रस्त्यावर चिटपाखरू नाही. ह्यांची ड्युटी मौद्याला, सासूबाई झोपलेल्या. भाऊ व्हरांड्यात बसून पन्हं पीत होते आणि माझा मुलगा खोलीत कूलरसमोर तोंड लावून 'आऽऽ' करत बसला होता. पंख्यानं आवाज चिरला जातो, तो खेळ तुमच्याही पोरांनी केला असेल. मग तो आवाज थांबला. मग खोकला ऐकू आला. मी गेले तर तो गादीला दोन्ही हात टेकून बसलेला, खांदे वर, मानेखालचा खळगा आत ओढला जातोय आणि तोंडातून शब्द निघत नाही.

मी नळी लावली, औषधाचा पंप दाबला. फरक पडेना. पुन्हा दाबला. भाऊ दारात येऊन उभे होते. त्यांनी हे कधी बघितलं नव्हतं. तोवर त्यांच्यासाठी दम म्हणजे म्हाताऱ्यांचं काहीतरी होतं. त्यांच्या हातातला ग्लास खाली पडला, ते पुढे आले आणि पोराला उचलून छातीशी धरून दाराकडे पळाले. आणि माझ्या मुलानं त्यांना ढकललं. दोन्ही हातांनी त्यांच्या छातीला रेटा दिला आणि मान उलटी फिरवली. अंगात बळ नव्हतं तरी तो त्यांच्यापासून तोंड लांब नेत होता.

भाऊंना वाटलं, पोरगं घाबरलं. मी त्याला त्यांच्या हातातून घेतलं आणि खोलीतल्या गडबडीत न जाणवलेला मोगऱ्याचा वास तेव्हा मला त्यांच्या शर्टाला आला.

"भाऊ, टाकला का तुम्ही?"

"जरासा," ते म्हणाले. मग म्हणाले, "डबल. पोट्टं बिमार राह्यते म्हणून."

मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. नंदनवनातल्या एका सुशिक्षित बाईच्या तोंडी ते शोभत नाही. शेजारच्या घरचा ऑटो होता, त्यात बसून आम्ही निघालो. मागून त्यांची मोपेड येत होती.

दवाखान्यात पोराला वाफ सुरू झाली, ऑक्सिजन लागला. डॉक्टर बाईंनी भाऊंना खोलीच्या दारातूनच परत पाठवलं. रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की तुमच्या कपड्यांना वास आहे, तुम्ही बाहेर थांबा. तासाभरानं माझ्या मुलाचे खांदे खाली आले. त्यानं पाणी मागितलं. मग मला रडू आलं. तोवर वेळच नव्हता.

डोळे पुसून बाहेर आले तर भाऊ दवाखान्याच्या पायरीवर उन्हात बसले होते. शेजारी सावली होती, तिथे नाही. शर्ट काढून लांब ठेवलेला, अंगात नुसती बनियन. बाहेरच्या नळावर रेतीनं हात घासघासून त्यांनी ते लाल करून ठेवले होते. मला बघून उठले.

"माह्यानं झालं का?"

खोटं बोलता आलं असतं. उन्हाळा आहे, धूळ आहे, असं काहीही. पण मी म्हटलं, "हो." आणि वर म्हटलं, "मी तुम्हाला नको म्हटलं होतं."

त्यांनी बनियनला हात पुसले. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमी कुरोड्याले बी नको म्हणता. आंब्याले बी नको म्हणता. ह्याच बारीचा नको खरा होता, हे मले कसं समजन?"

मला त्यांचा राग होताच, पण त्याहून जास्त राग माझा मला आला. देवाशी भांडले, नवऱ्याशी भांडले, आणि जिथे दोन वाक्यं कडक बोलायची होती तिथे मी गोड हसून पन्हं करायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत पाण्याचे पाट वाहायला लागले. मला वाटलं पाइपलाइन फुटली. बघते तर भाऊ घरोघरी जाऊन टप रिकामे करत होते. टप उपसायचा, साबण लावायचा, धुवायचा, साधं पाणी भरायचं. कुणाला विचारलं नाही. केवडा, रातराणी, सगळं गटारात. त्या दिवशी आमच्या गल्लीतलं गटार जितकं सुगंधी होतं तितकं ते पुन्हा कधी झालं नाही.

मास्तर खवळले. त्यांना त्यांचा गुलाब हवा होता, त्याशिवाय त्यांना दुपारची झोप येत नसे. भाऊंनी हातातला ब्रश खाली ठेवला आणि त्यांना विचारलं, "सुट्टीत नातू येते ना तुमच्याकडे? पोट्टं पाह्यजे का गुलाब पाह्यजे, ते सांगा." मास्तरांनी पोट्टं सांगितलं, पण तोंड वाकडं करून. सगळे काही मास्तर नव्हते. अर्ध्या गल्लीनं दुसरा कूलरवाला पाहिला, जो टपात हवं ते ओतून देतो आणि वर एक स्प्रे फुकट देतो. भाऊंनी त्या घरांकडे बघणंही सोडून दिलं.

आणि खरं सांगू का, त्यानंतर ते असह्य झाले. नवीन धर्मात आलेला माणूस जसा होतो तसे. दारात उभे राहून तेच नाक वर करायचे, पण आता पाटोडी वगैरे काही नाही. "कॉईल लावली काल. काहून लावली?" एखाद्या घरी फरशी पुसायचं औषध जास्त झालं असेल तर ते आत पाऊलच टाकत नसत, बाहेरूनच भाषण देत. आमच्या ह्यांनी एक नवीन स्प्रे आणून बुटात लपवून ठेवला होता. वर्षभर मला पत्ता नाही, आणि मी स्वतःला या खात्यातली तज्ज्ञ समजत होते. भाऊ आले, व्हरांड्यात थांबले आणि म्हणाले, "साहेबांच्या जोड्यात कायतरी आहे, ताई. पाहून घ्या." ह्यांनी त्या दिवसापासून त्यांना चहा विचारणं बंद केलं.

माझा मुलगा काही बरा झाला नाही, तसं सांगून तुम्हाला फसवत नाही. दमा आहे, तो आहे. थंडीत दम लागतो, धुळीनं लागतो. पण उन्हाळ्यातले ते ऑक्सिजनवाले दिवस थांबले. रोजचा पंप तो दात घासल्यासारखा घेतो. भाऊ मात्र पुढची दोन वर्षं त्याच्या खोलीत गेले नाहीत. त्याचा कूलर ते बाहेरून, खिडकीत उभं राहूनच दुरुस्त करायचे. उन्हात, स्टुलावर चढून, धुतलेला शर्ट घालून. तो आतून बोलवायचा, काका या ना. ते म्हणायचे, इथूनच दिसते मले. शेवटी एके दिवशी त्यानं खोलीतून बाहेर जाऊन त्यांचा हात धरला आणि ओढत आत आणलं. ते दारात अडखळले, पण आले.

मग एका वर्षी ते नाक वर करायच्या आधी खोकले. नंतर प्रत्येक वेळी खोकायला लागले. विचारलं तर म्हणत, सीझनचा आहे. तीस वर्षं या माणसानं टपात डोकं घालून डांबर फासलं होतं, बंद खोलीत कॅन उघडून सेंट मिसळला होता, ते पांढरं पाणी हातानं ढवळलं होतं. आम्हाला चार महिने त्याचा वास यायचा, त्यांना बारा महिने. आमच्यापैकी कुणाच्या मनात हे कधी आलं नाही, माझ्याही नाही. मी यादी केली ती माझ्या घराची.

मीच त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. या वेळी गोड बोलले नाही, दटावून नेलं. त्यांनाही पंप मिळाला. तो ते पिशवीत पक्कड आणि पान्यांच्या मध्ये ठेवायचे आणि दम लागला की तोंड उघडून वीतभर लांबून फवारायचे. वर तक्रार करायचे की काही गुण नाही. मी दहा वेळा समजावलं. ते हो म्हणायचे आणि पुन्हा लांबूनच फवारायचे.

पुढे त्यांचा मुलगा त्यांना शहराबाहेर बेसाला घेऊन गेला. नवी सोसायटी, चौथा मजला, आणि घरात एसी. कूलरवाल्याच्या नशिबी शेवटी एसी आला. फोनवर म्हणायचे, "अवो ताई, इथं खिडकीच उघडत नाही." मागच्या दिवाळीनंतर ते गेले. त्यांच्या मुलानं सांगितलं की फार त्रास झाला नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवाळीच्या आधीच्या एप्रिलमध्ये. कुणी बोलावलं नव्हतं, आपल्या मुलाच्या गाडीतून आले होते. माझा मुलगा तोवर तेरा वर्षांचा झालेला, त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. कूलर त्यानं स्वतःच गच्चीवर नेऊन धुतला होता. तो पाहायला भाऊ जिना चढायला लागले आणि अर्ध्यावर मटकन बसले. मी पाणी आणायला धावले. ग्लास घेऊन परत आले तर माझा मुलगा त्यांच्या खालच्या पायरीवर बसला होता. त्यानं त्यांच्या पिशवीतून त्यांचा पंप शोधून काढला होता, स्वतःची नळी धुऊन तिला लावली होती आणि ती त्यांच्या ओठांत धरली होती.

"काका, आधी सगळा श्वास सोडा. आता सावकाश ओढा. आता धरून ठेवा, दहापर्यंत."

हा मुलगा या बाबतीत फार कडक आहे. मी कधी घाईत मोजलं तर मला परत पहिल्यापासून मोजायला लावतो. तो मोजायला लागला. एक. दोन. तीन. भाऊंचे डोळे पाण्यानं भरले, खांदे वर चढले, ओठ थरथरायला लागले. चार, तो म्हणाला, आणि त्यानं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"पाचसहासातआठनऊदहा. झालं काका, सोडा."

भाऊंनी श्वास सोडला. बराच वेळ धापा टाकल्या. मग त्याच्याकडे बघून विचारलं, "दहा झाले?"

"हो," तो म्हणाला. "पूर्ण दहा."